क्रियापदाचं शेपूट

सेवेरिन पाकुवाला बर्चच्या रानातल्या बिळातून ओढून काढलं तेव्हा त्याच्या कवटीची डावी बाजू आत गेली होती. उकडलेल्या अंड्यावर चमचा मारल्यावर टरफल जसं आत बसतं, तशी. हे वर्णन माझं नाही, त्याला ओढून काढणाऱ्या अग्निशामक दलाच्या माणसाचं आहे. त्यानंतर बरेच दिवस मला सकाळी अंडं खाववलं नाही. सेवेरिनच्या खाली, त्याच बिळात, लुदविक रोझेक मरून पडला होता.

आमच्या वाउब्झिख गावातल्या कोळशाच्या खाणी बंद पडून तेव्हा काही वर्षं झाली होती. कोळसा जमिनीत मात्र होताच, काही ठिकाणी तर घराच्या तळघराइतक्या खोलीवर. कामावरून निघालेली माणसं टिकाव, फावडं आणि बादली घेऊन रानात शिरत, एक माणूस जेमतेम मावेल असं बीळ खणत, पोती भरत आणि गावात विकत. हे कायद्यात बसत नव्हतं, त्यामुळे बिळाची मालकीही कुणाची नसे. दुसऱ्याला जो हुसकावून लावी, बीळ त्याचं.

लुदविकचं बीळ चांगलं होतं. थर जाड, पाण्याचा त्रास कमी. आयुष्य खाणीत काढलेला माणूस, त्यामुळे बर्चच्या ओंडक्यांचे टेकू त्यानं मोजूनमापून लावलेले. बेनेक गाव्रोन आणि त्याचा भाऊ यूलेक यांचा त्या बिळावर डोळा होता, हे सगळ्या रानाला ठाऊक होतं. सेवेरिन त्या दिवसांत लुदविकच्या हाताखाली काम करत होता.

पोलिसांनी आधी छत कोसळल्याची नोंद केली. मग डॉक्टरांनी लुदविकचं प्रेत उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, छत कोसळलं तर माणूस वरून चेचला जातो, ह्याच्या बरगड्या बाजूनं मोडल्यात, आणि गुडघ्यांवर टिकावाच्या दांड्याचे वळ आहेत. इन्स्पेक्टर म्रोचेकनं गाव्रोन भावांना उचललं. दोघं त्या दिवशी आईच्या नामदिनाच्या, म्हणजे तिच्या नावाच्या संताच्या सणाच्या, जेवणाला बसले होते, असं त्यांच्या घरातल्या झाडून सगळ्यांनी सांगितलं. त्यांना सोडावं लागलं.

उरला सेवेरिन, आणि तो माझ्याकडे आला. मी ओतिलिया व्रोन्स्का. वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलायला शिकवणं हे माझं काम.

पहिले काही आठवडे त्याच्या तोंडून एकच आवाज निघायचा. "बि." पाणी हवं असलं तरी बि, लघवीला जायचं असलं तरी बि. उजवा हात-पाय लुळा. डाव्या हातात मात्र खाणीतली सगळी ताकद शिल्लक होती. शब्द अडला की तो त्या हातानं हाताशी येईल ते फोडायचा. कप फोडले, टेबलावरचा दिवा फोडला. एकदा माझं मनगट धरलं ते सोडेचना. वॉर्डबॉयनं एकेक बोट मागे वाकवून ते सोडवलं. मग सेवेरिन रडला, आणि ओठ फुटेपर्यंत स्वतःच्या तोंडावर बुक्के मारत राहिला.

"बांधून ठेवू का ह्याचा हात?" वॉर्डबॉय म्हणाला.

"नको. सध्या तो हातानंच बोलतोय."

ते खरंच होतं. डोक्याच्या त्या बाजूला मार बसलेल्या माणसांना नुसतं बोलता येत नाही, पण तालावर कधीकधी येतं. मी त्याचा डावा हात टेबलावर ठेवायची आणि शब्दाच्या एकेका तुकड्याला एकेक ठोका द्यायला लावायची. आमची लांब क्रियापदं यासाठी फार उपयोगी. लहान शब्द तोंडातून निसटतो. लांब शब्दाला चढायला पायऱ्या असतात.

आणि अशा माणसांची एक गंमत असते, गंमत म्हणायची तर. शब्दाचं धड त्यांना सापडतं, डोकं आणि शेपूट मात्र तुटून कुठेतरी पडलेलं असतं. आमच्या भाषेत तर सगळा मजकूर डोक्यात आणि शेपटातच. 'बि' हे धड, म्हणजे मारणं. पुढे 'पो' लावलं की नुसतं झोडपलं. 'झा' लावलं की ठार केलं. 'दो' लावलं की आधीच पडलेल्या, धुगधुगी असलेल्या माणसाला संपवलं. शेपटाशिवाय तर कोणी मारलं हेच कळत नाही. मी, तू, ती बाई, ते पुरुष, सगळे शेपटात राहतात.

म्हणजे तो 'बि' म्हणत होता ते आम्हाला वाटलं तसं अर्थहीन नव्हतं. तो मारण्याबद्दलच बोलत होता. फक्त डोकंही नव्हतं आणि शेपूटही नव्हतं.

म्रोचेक दर आठवड्याला यायचा. ओली टोपी माझ्या टेबलावर ठेवायचा आणि सेवेरिनच्या तोंडाजवळ तोंड न्यायचा.

"नाव सांग. बेनेक ना? बेनेक?"

"बि."

"बे म्हणतोस का बि म्हणतोस?"

"बि."

"बाई, ह्याला नावं शिकवा की. क्रियापदं कसली शिकवताय?"

"नाव तुम्ही त्याच्या तोंडात घालाल, साहेब. क्रियापद त्याचं त्यालाच काढावं लागतं."

"कोर्टात मी काय क्रियापद हजर करू?" म्हणाला, आणि टोपी उचलून गेला.

गावानं मात्र कोर्टाची वाट पाहिली नव्हती. सेवेरिन लुदविकचा साथीदार, दोघंही एकाच बिळात सापडले, म्हणजे लुदविकला वाचवताना तो मध्ये पडला असणार. चर्चमध्ये फादरनी त्याच्यासाठी प्रार्थना केली. शेजारणी त्याच्या बहिणीला, ब्रोन्काला, लोणी आणून देऊ लागल्या. आणि लुदविकची बायको पोला दर बुधवारी आणि शुक्रवारी राय नावाच्या धान्याच्या आंबवलेल्या पिठाचं सूप डब्यात घालून इस्पितळात यायला लागली. बुटकी, रुंद, काळ्या कोटातली बाई. फारसं बोलायची नाही.

"त्यात सॉसेजचे तुकडे बारीक करून घातलेत," ती मला सांगायची. "गिळायला त्रास होतो ना त्याला."

ती आली की सेवेरिन भिंतीकडे तोंड करायचा. ती समजुतीनं घ्यायची. मेंदूला मार लागलेला माणूस. एका शुक्रवारी तिनं त्याची मान हळूच वळवली आणि चमचा ओठांना लावला. त्यानं डब्याला असा फटका मारला की गरम सूप तिच्या गळ्यावर आणि छातीवर सांडलं. ती ओरडली नाही. मी तिचा कोट काढला, गार पाण्याचं फडकं लावलं. कातडी लाल झाली होती, कानाखाली फोड येत होता. सेवेरिन डोकं भिंतीवर आपटत होता, आपटतच होता, टाक्यांमधून रक्त येईपर्यंत.

"त्याला रागावू नका," पोला मला म्हणाली. "माझ्या माणसासाठी झालंय त्याचं असं."

पुढच्या बुधवारी ती गळ्याला पट्टी बांधून पुन्हा डबा घेऊन आली.

बेनेक गाव्रोन आला तेव्हा हातात संत्री होती. मी त्याला त्याआधी पाहिलं नव्हतं. देखणा, रुंद खांद्यांचा, केस पाणी लावून बसवलेले. तो सेवेरिनच्या पलंगावर बसला आणि त्याचा लुळा उजवा हात स्वतःच्या मांडीवर घेतला, जसा मित्र घेतो.

"काय रे सेवेक, लेका. बोलायला लागलास म्हणतात."

सेवेरिन त्या मांडीवरच्या हाताकडे बघत होता.

"ह्या हातात जाणीव नाही का ह्याला, बाई?"

"थोडी आहे," मी म्हणाले.

"बघू या," म्हणत त्यानं करंगळी मागे वाकवली. काडी मोडावी तसा आवाज आला. मी उठेपर्यंत ते झालंही होतं. सेवेरिनचा चेहरा पांढरा पडला, तोंड उघडलं आणि त्यातून "बि" सुद्धा निघालं नाही.

"छे, नाही जाणीव," बेनेक म्हणाला. "चुकून जोर लागला बरं का. मोठे हात आहेत माझे." दारातून त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही दातांच्या डॉक्टरच्या मागच्या गल्लीत राहता ना, हिरव्या दाराच्या घरात? जिना फार निसरडा आहे तिथला."

मी म्रोचेकला फोन केला. बेनेकनं सांगितलं, आजाऱ्याचा हात चोळत होतो. पोलीस चौकीतून तो संध्याकाळच्या जेवणाआधी घरी गेला.

करंगळीला पट्टी बांधल्यावर दुसऱ्याच दिवशी सेवेरिन टेबलाशी येऊन बसला, मी न बोलावता. त्यानं डावा हात टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून तो गुरासारखा राबला. 'दो' त्याला आठवड्याभरात सापडलं. मग 'या'. 'या' आलं की कळतं, एका फटक्यात संपलं नाही, चालू राहिलं. आणि मग एका सकाळी, घामानं निथळत, टेबलावर ठोके देत, तो म्हणाला, "दो. बि. या. ली."

संपवत होते. अनेक जण. 'ली' म्हणजे त्यात बायका नव्हत्या, किंवा होत्या तरी पुरुष होतेच. एका शब्दात सगळं आलं. पडलेल्या माणसाला पुरुष मिळून, सावकाश, संपवत होते.

मी म्रोचेकला बोलावलं. तो इतका खूश झाला की त्यानं सेवेरिनच्या खांद्यावर थाप मारली. "शाब्बास. दोबियाली. आता कोण ते सांग."

सेवेरिननं मान हलवली. नाही, नाही. पुन्हा ठोके दिले. दो-बि-या-ली, आणि मग बोट आणखी एकदा टेबलावर पडलं, हलकेच. मला वाटलं, थकव्यानं थरथरतंय.

"चारच," मी म्हणाले आणि त्याचं बोट धरलं. "चार तुकडे. बरोबर म्हटलंस. थांब."

त्यानं हात हिसकावून घेतला आणि टेबल उलथवलं. त्याची कड म्रोचेकच्या नडगीवर बसली आणि इन्स्पेक्टर एका पायावर नाचत शिव्या घालू लागला. शिकणाऱ्याला स्वतःचे ओठ दिसावेत म्हणून टेबलावर ठेवलेल्या आरशाचे तुकडे मी गोळा केले. तो महिन्यातला दुसरा आरसा होता.

नंतरच्या सोमवारी ब्रोन्का धड्याला बसली होती. ही सेवेरिनची थोरली बहीण, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी, मोठ्या आवाजाची, भावासाठी जीव टाकणारी. मी ठरल्या क्रमानं 'आम्ही'चं शेपूट घेतलं होतं. त्याला आम्ही 'श्मी' म्हणतो. हे शेपूट मोठं चंचल. क्रियापदाला नीट चिकटलेलं नसतं. म्हणून तुकडे पाडताना मी ते वेगळंच पाडते, 'ली' इथे, 'श्मी' तिथे. कधी ते क्रियापद सोडून वाक्यातल्या पुढच्या शब्दाला जाऊन लोंबकळतं. मी साधी उदाहरणं घेत होते. आम्ही खाल्लं. आम्ही गेलो. आम्ही झोपलो.

सेवेरिन माझ्या ओठांकडे बघत होता. "श्मी," तो म्हणाला.

"छान. आता 'आम्ही गेलो'."

"श्मी. मी-श्मी." आमच्या भाषेत 'मी' म्हणजे आम्ही, आणि शेपूट त्यालाच जोडून त्यानं 'आम्हीच' असं केलं होतं. मग त्यानं ठोके दिले, सावकाश, एकही न चुकता. "मी-श्मी दो-बि-या-ली."

आम्हीच त्याला संपवत होतो.

मी काही म्हणण्याआधी तो पुन्हा म्हणाला, या वेळी शेपूट जागेवर लावून, "दो-बि-या-ली-श्मी." शेवटचा ठोका हलका. जो मी बोटानं दाबून धरला होता तो.

ब्रोन्का उठली. तिनं भावाच्या थोबाडीत मारली, इतकी जोरात की त्याची खुर्ची भिंतीवर गेली. मग खांद्यावरचा टॉवेल काढून ती त्याच्या तोंडात कोंबू लागली, दोन्ही अंगठ्यांनी, जसं बदकाच्या पोटात सारण भरतात.

"गप. गप बस. तुला काय म्हणायचंय ते तुलाच कळत नाही. वेडा झालायस तू."

मी तिला मागे ओढलं. तिनं मला कोपर मारलं, माझ्या नाकातून रक्त आलं. सेवेरिननं टॉवेल थुंकून टाकला आणि दोघींकडे बघत पुन्हा ठोके द्यायला लागला.

ब्रोन्का मटकन जमिनीवर बसली. "बाई," ती म्हणाली, "तुमचं नाक पुसा. आणि ऐका. तुम्हाला एक शेपूट कमी ऐकू आलं, एवढंच. चार तुकडे होते. इन्स्पेक्टरलापण चारच ऐकू आले. दोघं गाव्रोन तुरुंगात जातील, माझा भाऊ घरी येईल. कुणाचं काय बिघडलं?"

"पोला त्याला सूप भरवते, ब्रोन्का."

"मग भरवू दे की. तिलाही तेवढंच बरं वाटतं."

"तो मला रोज सांगतोय की चार नाहीत."

"तो मुका होता तेव्हा बरा होता," ती म्हणाली आणि तोंडावर हात धरून रडली.

पुढे हळूहळू त्यानं बाकीचंही सांगितलं. शब्दांना महिने लागले, मी इथे एका दमात सांगते. लुदविक त्याच्यावर नाराज होता. टेकू नीट लावत नाहीस, दारू पिऊन येतोस, पुढच्या आठवड्यापासून मी पुतण्याला घेतो, असं त्यानं आदल्या दिवशी सांगितलं होतं. बेनेकला हे कळलं. तो सकाळीच सेवेरिनच्या घरी आला. फक्त घाबरवायचं, म्हणाला. बिळात तुझा वाटा.

रानात दंव पडलं होतं. लुदविक बिळाच्या तोंडाशी बादली वर ओढत होता. बेनेकनं मागून दांडा त्याच्या गुडघ्यांवर घातला. बादली खाली गेली, लुदविक बसला, आणि यूलेक बुटांनी बरगड्यांवर तुटून पडला. लुदविक कुशीवर कलंडल्यावर बेनेकनं दांडा सेवेरिनच्या हातात दिला. "आता तू. नाहीतर उद्या तूच बोलशील." सेवेरिननं मारलं. एकदा खांद्यावर, मग मानेवर. मला त्यानं हे सांगितलं तेव्हा तो टेबलावर ठोके देत नव्हता, लुळ्या हातावर देत होता. लुदविकचा श्वास चालू होता, घशात पाणी असल्यासारखा. मग सेवेरिननं दांडा टाकला आणि म्हणाला, मी रस्त्यावर जाऊन गाडी थांबवतो. पाठ वळवली. बेनेकनं तोच दांडा उचलला. नंतर त्यांनी दोघांना बिळात ढकललं आणि टेकू लाथा घालून पाडले.

मी त्याला विचारलं, "हे म्रोचेकला सांगायचंय का? सांगितलंस तर तूही आत जाशील."

"सां," तो म्हणाला. शेपूट शोधायला थोडा वेळ लागला. "सांगेन."

म्रोचेकनं जबाबासाठी दिवस ठरवला, आणि इस्पितळात ठरलेली गोष्ट गावात पोचायला जेवणाची सुट्टी पुरते. त्याच दिवशी दुपारी बेनेक माझ्या खोलीत शिरला आणि त्यानं आतून कडी लावली. संत्री नव्हती. त्यानं मला कपाटावर ढकललं, माझं डोकं कडेवर आपटलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. दिसायला लागलं तेव्हा त्यानं सेवेरिनला खुर्चीसकट आडवं पाडलं होतं, छातीवर गुडघा रोवला होता आणि त्याच्याच कुबडीनं त्याच्या तोंडावर मारत होता. दात फरशीवर पडल्याचा आवाज मी ऐकला. मग त्यानं कुबडी टाकली आणि बोटं सेवेरिनच्या तोंडात घातली. जीभ धरायची होती त्याला.

सेवेरिन चावला. मोडलेल्या जबड्यानं, उरलेल्या दातांनी. बेनेक किंचाळला, दुसऱ्या हातानं त्याच्या कानशिलावर मारत सुटला, पण सेवेरिननं सोडलं नाही. मी टेबलावरचा नवा आरसा दोन्ही हातांनी उचलला आणि बेनेकच्या डोक्यावर घातला. मग त्याच्या चौकटीनं पुन्हा घातला. आणि पुन्हा. वॉर्डबॉयनं दार फोडलं तेव्हाही मी मारतच होते, असं तो म्हणतो. बेनेक भिंतीला टेकून बसला होता, डोळ्यांत काच आणि रक्त, आणि आपल्या हाताकडे बघत होता. तर्जनीचं पेर सेवेरिनच्या तोंडात राहिलं होतं. सेवेरिननं ते फरशीवर थुंकलं.

माझे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते. भीतीनं, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. मी तसंच मानू दिलं. थांबायला हवं होतं तेव्हा मला थांबावंसं वाटलं नव्हतं, हे मी इथेच पहिल्यांदा बोलते आहे.

या हल्ल्यानंतर मात्र बेनेकला घरी जाता आलं नाही. यूलेक दोन दिवसांत सापडला. सेवेरिनचा जबडा तारेनं बांधला, आणि हिवाळाभर तो पुन्हा गप्प झाला. तार काढली त्या दिवशी त्यानं पहिल्यांदा पोलाचं नाव घेतलं. खोट्या समजुतीत तिला मला भरवू देऊ नका, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला. पण तिला सांगायचं कोणी, हे ब्रोन्का आणि मी एकमेकींवर ढकलत राहिलो. सांगणं आम्हाला जमलं नाही. पोलाला ते कोर्टात कळलं.

कोर्टात सेवेरिन आरोपींच्या बाकावर होता, गाव्रोन भावांपासून दूर, मध्ये पोलीस. न्यायाधीश वयस्क बाई होत्या. गाव्रोनांच्या वकिलानं सरळ माझ्यावर हल्ला केला. हा माणूस तुकडे गाळतो आणि वाढवतो, त्याच्या डोक्यात शब्द ह्या बाईंनी भरले. आधी 'दोबियाली' म्हणाला, मग शेपूट वाढलं. उद्या आणखी एक वाढेल. अशा माणसाच्या तोंडच्या एका तुकड्यावर कोणाला खुनी ठरवायचं?

त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. मीही दुसऱ्या खटल्यात तेच म्हटलं असतं.

न्यायाधीशबाई पुढे वाकल्या. "पाकुवा, स्वतःविरुद्ध बोलायची तुमच्यावर सक्ती नाही. समजतंय का?"

त्यानं मान डोलावली. उठून उभा राहिला, डावा हात कठड्यावर ठेवला. मला वाटलं तो तेच म्हणेल, जे आम्ही शंभरदा म्हटलं होतं. पण त्यानं शेपूट बदललं. एकट्या पुरुषाचं लावलं, जे मी त्याला या क्रियापदाबरोबर कधीच शिकवलं नव्हतं.

"दो-बि-या-वेम," तो म्हणाला. मी त्याला संपवत होतो. मी, एक माणूस. मग श्वास घेऊन, हात न आपटता, त्यानं बेनेककडे आणि यूलेककडे बोट केलं. "आणि ते."

प्रेक्षकांच्या बाकांवरून पोला उठली. कुणाच्या लक्षात येईपर्यंत ती कठड्यापाशी पोचली होती. तिनं हँडबॅगनं त्याला मारलं, मग बॅग पडली तेव्हा मुठींनी, मग नखांनी. तोंडावर, नुकत्याच जुळलेल्या जबड्यावर. ती एक शब्द बोलत नव्हती, फक्त धापा टाकत होती. सेवेरिननं तोंड फिरवलं नाही आणि चांगला हातही वर केला नाही. पोलिसांनी तिला धरायला उशीर केला, आणि न्यायाधीशबाई त्या वेळात आपल्या कागदांकडे बघत होत्या.

बेनेकला पंचवीस वर्षं झाली, यूलेकला त्याहून कमी, सेवेरिनला आठ. ब्रोन्का महिन्यातून एकदा त्याला भेटायला जाते. माझ्याशी ती बोलत नाही. बाजारात दिसले तर रस्ता ओलांडते.

निकालानंतर काही आठवड्यांनी पोला माझ्या खोलीत आली. कोट काढला नाही. गळ्यावर, कानाखाली, भाजल्याचा गुलाबी डाग अजून होता.

"तुम्ही त्याला बोलायला शिकवलं नसतं," ती म्हणाली, "तर मला निदान एक माणूस चांगला राहिला असता."

मी खुर्ची पुढे केली. ती बसली.

"कोर्टात एक विचारलं नाही कुणी. लुदविक काही बोलला का?"

लुदविकनं शेवटी काय केलं ते सेवेरिननं मला सांगितलं होतं. कोर्टात ते कुणाला नको होतं. "नाही," मी म्हणाले. "बोलला नाही. हात डोक्यावर घेतले त्यानं."

"दोन्ही?"

"सेवेरिननं 'हात घेतले' एवढंच सांगितलं."

"डावा त्याचा खांद्याच्या वर जात नव्हता. खाणीत मोडला होता, नीट बसलाच नाही. शर्ट मीच घालायचे." तिनं आपला डावा हात उचलून किती वर जायचा ते दाखवलं. "म्हणजे एकच घेतला असणार."

"हो. एकच असणार."

तिनं तो हात मांडीवर ठेवला. मग बॅग उचलली, घड्याळ पाहिलं आणि बस चुकेल म्हणून निघाली.